मोकळं हाय का?

गेल्या आठवड्यात नांदेडला आमच्या कॉलेजच्या मैदानावर मुलांनी रॉकेट उडवलं आणि मी, अकरावी-बारावीला भूगोल शिकवणारी, चाळिशीला टेकलेली बाई, चक्क खुर्चीमागे जाऊन उकिडवी बसले. डोक्यावर हजेरीचं रजिस्टर धरून. पहिल्या रांगेतल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. शेजारी बसलेले सर म्हणाले, "मॅडम, खेळण्यातलं हाय हो ते!"

खेळण्यातलंच होतं. वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड, कागदाच्या नळीचं, शेपटीला तीन पातळ पंख. खाली एक तार जोडलेली, लांबून बटण दाबायचं. सुर्र करून ते वर गेलं आणि दोन सेकंदांत दिसेनासं झालं. मुलं मान वर करून शिट्ट्या मारत होती. मी मान खाली घालून मोजत होते. एक, दोन, तीन. चौदा म्हटलं तेव्हा लाल कागदाची पट्टी फडफडवत ते व्हॉलीबॉलच्या जाळ्यापलीकडे हळूच येऊन पडलं. मी उठले, साडी झटकली, आणि काहीतरी पडलं होतं ते शोधत होते असं सांगितलं.

मग तो वास आला. जळलेल्या दारूचा, जरा आंबूस, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. इतरांना त्या वासाने दिवाळी आठवते. मला जानेवारीतली सकाळ आठवते, चाकूरच्या पुढचा माळ आठवतो, करडईची काट्यांतली पिवळी फुलं आठवतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तशातली मी. पण माझा ब्रह्मराक्षस वीतभर लांब आहे आणि तो मीच बनवलेला आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरला शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचा एक जुना मित्र हैदराबादला इंजिनिअरिंग कॉलेजात होता. तो वर्षातून एकदोनदा छोट्या पुठ्ठ्याच्या मोटारी आणून द्यायचा. मोटार म्हणजे दारू ठासलेली तयार नळी, एकदा पेटली की संपली. ती अण्णा कधी उघडायचे नाहीत, आम्हाला हातही लावू द्यायचे नाहीत. बाकीचं रॉकेट मात्र आम्ही घरी करायचो. सागवानी दांडीवर कागद गुंडाळायचा, डिंक लावायचा, वाळवायचा, पुन्हा गुंडाळायचा. पंख हलक्या लाकडाचे, पॉलिश कागदाने घासून घासून इतके पातळ करायचे की उजेडाला धरले तर बोटांची सावली पलीकडून दिसावी. शेवटी सगळ्यावर मेण चोळायचं. रविवारी आमच्या घरात डिंकाचा, मेणाचा आणि लाकडाच्या भुश्श्याचा वास असायचा. आई म्हणायची, "हे घर हाय का सुताराचं दुकान?"

अण्णांना मोठ्या रॉकेटची हौस नव्हती. शाळेतल्या पोरांना वाटायचं, जेवढं मोठं तेवढं उंच. अण्णा हसायचे. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. मोटार तीच, ताकद तीच. मग ओझं कमी करा, जाडी कमी करा, वाऱ्याला धरायला जागाच ठेवू नका. मोटारीएवढीच जाड नळी, त्याहून केसभर जास्त नाही. "लहान हाय ना, म्हणूनच वर जातंय," असं ते म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी वर्गात सगळ्यांत बुटकी होते.

किती वर गेलं हे मोजायला त्यांनी एक लाकडी कोनमापक केला होता. अर्ध्या गोल फळीवर अंश कोरलेले, मधोमध दोरा, दोऱ्याला नट बांधलेला. रॉकेट उडायचं त्या जागेपासून दीडशे पावलं लांब जाऊन ते उभे राहायचे, फळीच्या कडेवरून वर नेम धरायचे आणि रॉकेट टोकाला पोचलं की दोरा बोटाने दाबून धरायचे. मग वहीत गणित. या कोनमापकाची पहिली परीक्षा आमच्या गल्लीमागच्या पाण्याच्या टाकीवर झाली होती, त्यामुळे अण्णांचं उंचीचं मापच टाकी झालं. आज चार टाक्या गेलं, आज सात. लातूरच्या माणसासमोर असं बोलणं धोक्याचं. एकदा आम्ही माळावरून परत आलो आणि अण्णा दारातच आनंदाने म्हणाले, "आज नऊ टाक्या!" तर शेजारच्या काकू घागर घेऊन बाहेर आल्या. "कुठं आलंय पाणी? कोणत्या टाकीला?" त्या विचारून राहिल्या आणि अण्णा त्यांना टॅन थीटा समजावून सांगून राहिले.

माळ मामाचा होता. चाकूरपासून थोडं आत माझं आजोळ, त्याच्या मागच्या अंगाला मुरमाड पडीक जमीन. एका कडेला उंच बांध, दुसऱ्या कडेला खालच्या काळ्या रानातला हरभरा आणि करडई. तूर काढून झालेली असायची आणि तुराट्यांचा मोठा ढीग माळाच्या मध्याजवळ रचलेला असायचा. आम्ही शनिवारी दुपारच्या एस.टी.ने जायचो, रविवारी सकाळी ऊन अंगात मुरायच्या आत रॉकेटं सोडायचो. रस्त्याने जाणारे बैलगाडी थांबवून विचारायचे, "मास्तर, बाण उडवून राहिले का?" अण्णा म्हणायचे, "हाव." मामा बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलून खायचा आणि रॉकेट वर गेलं की दरवेळी म्हणायचा, "गेलं आता, सापडत न्हाई."

तेच मला सहन व्हायचं नाही. ते गेल्यावरचं. सगळ्यांना रॉकेटचं जाणं आवडतं. ती सुर्र, तो धूर, ते टाचा उंचावणं. पण आमची रॉकेटं इतकी बारीक होती की चौथ्या-पाचव्या टाकीनंतर ती नसायचीच. आभाळ तसंच निळं, रिकामं, एखादी घार फिरणारी, आणि त्या रिकामपणात कुठेतरी आपलं रॉकेट आहे. कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. अण्णांचा चेहरा त्या वेळी उजळायचा. ते कोनमापक डोळ्याला लावून श्वास धरून उभे असायचे, जणू कुणी त्यांना वरून हाक मारणार आहे. मी मात्र जीव मुठीत धरून मोजायचे. मोजलं की भीती जरा आवरते. वर जाऊन दिसेनासं झालेलं खाली येणारच असतं, आणि ते कुठे येईल हे फक्त त्यालाच माहीत असतं. बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळायला भौतिकशास्त्र लागत नाही.

दिसावं म्हणून आम्ही गुलाल वापरायचो. रॉकेट टोकाला पोचलं की मोटारच आतून एक लहानसा फटका मारते, टोपी उडते आणि कागदाची पट्टी बाहेर पडते; त्या पट्टीच्या घडीत चिमूट-दोन चिमूट गुलाल भरला की निळ्यावर एक गुलाबी डाग उमटतो. तो डाग दिसला की अण्णा ओरडायचे, "दिसलं!" आणि माझ्या छातीतली धडधड जागेवर यायची. त्या डागासारखं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही. वाऱ्याने तो लांबट व्हायचा, फिका व्हायचा, आणि खालून पट्टी चमकत उतरायची. घरी येईपर्यंत आमच्या नखांत, नाकपुड्यांत, दप्तराच्या शिवणीत गुलाल असायचा. शाळेत बाई विचारायच्या, कुणाची निवडणूक जिंकलात?

आता नियम. अण्णा शिस्तीचे. रॉकेट जमिनीत रोवलेल्या सळईवर उभं, बटण माझ्या हातात, दाराच्या बेलचं जुनं बटण होतं ते. अण्णा दीडशे पावलांवर, बांधावर, कारण तिथून दोन्हीकडचं दिसायचं. मला खाली तुराट्यांच्या ढिगापलीकडचं काही दिसत नसे. म्हणून सोडण्याआधी मी ओरडायचं, "मोकळं हाय का?" कुणी माणूस, गुरं, शेळ्या नसतील तर अण्णांनी ओरडायचं, "हाय!" असतील तर, "न्हाय!" तेवढंच. सरळ हिशेब.

पुण्याकडच्या कुणी हे केलं असतं तर एवढं घडलंच नसतं. त्यांचं 'आहे' आणि 'नाही' दीडशे काय, तीनशे पावलांवरूनही वेगळं कळतं. आमचं 'हाय' आणि 'न्हाय'. मधे फक्त एक अर्धा न. वारं जरा उलटं फिरलं की तो अर्धा न कुठेतरी गळून पडतो. ध चा मा करायला निदान लेखणी लागली म्हणतात. आम्हाला नुसतं वारं पुरे होतं. इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही. झेंडा दाखवायचा, रुमाल हलवायचा, काहीही चाललं असतं. पण आपण जे रोज बोलतो त्यात काही धोका असेल असं कुणाला वाटतं?

त्या रविवारचं रॉकेट माझं होतं. पूर्ण माझं. नळी मी गुंडाळली, पंख मी घासले, मेण मी चोळलं. आजवरचं सगळ्यांत बारीक. अण्णांनी तळहातावर घेऊन तोललं आणि म्हणाले, "हे पंधरा टाक्या जातंय बघ." पंधरा! मला रात्रभर झोप नव्हती. एवढ्या उंचीवर दिसणार कसं, म्हणून मी गुलाल जास्त भरला. तो गणपतीतला उरलेला होता, पावसाळाभर पिशवीत राहून त्याचे खडे झाले होते. मी ते बोटांनी चुरले आणि ठासून, दाबून भरले. अण्णांना विचारलं नाही. माझं होतं ना ते.

सकाळपासून मी तीनदा विचारलं होतं आणि तीनदा 'न्हाय' आलं होतं. पहिल्यांदा शेळ्या, दुसऱ्यांदा एक सायकलवाला, तिसऱ्यांदा वारं. ऊन चढत होतं. माझा अंगठा बटणावर ठेवून ठेवून घामेजला होता. मग वारं एकदम पडलं. करडईचं पानही हलेना. मी ओरडले, "मोकळं हाय का?"

आणि बांधावरून आवाज आला. मी बटण दाबलं.

असं जाणं मी कधी पाहिलं नव्हतं. सुर्र सुद्धा नाही, नुसता एक फटकारा, आणि सळई रिकामी. मी वर बघितलं, काही नाही. मोजायला लागले. पाच, सहा. बांधाकडे बघितलं तर अण्णांनी कोनमापक फेकून दिला होता. ते हात हलवत खाली धावत येत होते, धोतराचा सोगा पायात येत होता, आणि ओरडत होते, "बस! खाली बस!" मला वाटलं मला म्हणतात. मी बसले. मग दिसलं. तुराट्यांच्या ढिगामागून आई येत होती. डोक्यावर भाकरीची टोपली, वर पांढरं फडकं, एक हात टोपलीला. आम्हाला जेवण घेऊन ती मामाच्या घरून आडवाटेने माळ तुडवत आली होती. नवरा हातवारे करून बोलावतोय म्हणून ती उलट भराभर चालायला लागली.

नऊ. दहा. गुलाबी डाग उमटला नाही. मी आभाळभर शोधला. अकरा, बारा. पट्टी नाही, डाग नाही, काहीच नाही. माझ्या खड्यांनी आत बूच मारलं होतं आणि ते जसं वर गेलं तसंच, नाक खाली करून येत होतं. चौदा. काळजाचं पाणी होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडू? इकडे पळ म्हणू की तिकडे? सोळा. मग ऐकू आली ती शिटी. वरून, बारीक, जवळ येत जाणारी. आईनेही ऐकली असावी, कारण ती थांबली आणि तिने मान वर केली.

धप्प.

आई खाली बसलेली दिसली. टोपली कलंडलेली. आणि तिच्या चेहऱ्यावर, मानेवर, पदरावर लाल. सगळीकडे लाल.

मी तिथून हलले नाही. हे मी नेहमी सांगायचं टाळते. अण्णा धावत होते, मामा धावत होता, आणि मी सळईजवळ बटण हातात घेऊन बसून होते. मी आईला मारलं, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं. मग लांबून आईचा आवाज आला, फाटलेला, रडका, पण तिचाच. "माझ्यावर गुलाल टाकून राहिले व्हय? मेले असते की मी!" रॉकेट तिच्यापासून दोन हातांवर पंखांपर्यंत जमिनीत रुतलं होतं. नळी फुटली आणि सगळा गुलाल तिच्यावर उडाला होता. नुसता गुलाल.

अण्णांनी तिला पाणी पाजलं. मग ते माझ्याकडे आले. त्यांची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. समोर उकिडवे बसले आणि हळू विचारलं, "तुला काय ऐकू आलं?"

मी म्हणाले, "हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, भाकरीचा एक घास चावायला लागतो तेवढाच वेळ. मग उठून ते आईकडे गेले आणि मामादेखत म्हणाले, "माझीच चूक. मीच हाय म्हणलो. तू ढिगामागं होतीस, दिसली न्हाईस."

आता खरं सांगते, कारण त्याचसाठी हे लिहायला बसले आहे. वारं पडलेलं होतं. मला तो 'न' ऐकू आला होता. अर्धा, पण आला होता. अंगठा बटणावर होता आणि अजून दाबलेला नव्हता. आतून काहीतरी म्हणालं, हाय म्हणाले असतील, हायच म्हणाले, आणि अंगठा गेला. त्या दोन गोष्टींमध्ये किती वेळ होता, हे मोजायला कोनमापक नाही. पण वेळ होता.

त्यानंतर माळ बंद झाला. अण्णांनी दांडी, कागद, उरलेल्या पट्ट्या पेटीत घातल्या आणि पेटी माळ्यावर टाकली. मोटारी मित्राला परत दिल्या. रविवारी सकाळी ते वर्तमानपत्र वाचत बसायला लागले. घरातला डिंकाचा वास महिनाभरात गेला. कधी विमान जायचं, आम्ही सगळे अंगणात यायचो, ते यायचे नाहीत. माझं ते रॉकेट किती टाक्या गेलं हे कधीच कळलं नाही, कारण त्याच एका खेपेला मापणाऱ्याने मापायचं सोडून पळत सुटायचं ठरवलं.

आणि आईने त्याची गोष्ट केली. लग्नात, बारशात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, पाहुणे आले की. ती सांगायचीही झकास. "आमच्या ह्यांनी मला वरूनच उडवायला घेतलं होतं की! मास्तर मानूस, चष्मा एवढा जाड, पन एवढी मोठी बायको दिसली न्हाई. म्हणे, हाय! किती वर गेलं होतं ते ह्यांना अजून ठाऊक न्हाई. पन खाली किती आलं ते मला इचारा." सगळे हसायचे. अण्णाही हसायचे, चष्मा काढून पंच्याने पुसायचे. माझ्या मात्र कानांत शिटी वाजायला लागायची. आता कुणीतरी विचारेल, पोरीनं काय ऐकलं होतं? कुणी विचारलं नाही. पण प्रत्येक लग्नपत्रिका आली की मला आधी हीच भीती वाटायची. सत्तावीस वर्षं मी नातेवाइकांच्या लग्नांना भीत आले.

अण्णांना सांगायचं मी किती वेळा ठरवलं! नोकरीमुळे नांदेडला राहायला आल्यावर दर महिन्याला लातूरला जायचे. बसमध्ये वाक्य जुळवायचे. लोह्याला ते पाठ असायचं, अहमदपूरला अजून तोंडात असायचं, चाकूर आलं की खिडकीतून लांबवर तो माळ दिसायचा आणि वाक्य जिरून जायचं. घरी पोचले की अण्णा विचारायचे, "बसायला जागा मिळाली का?" आणि मी म्हणायचे, "मिळाली." गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. अंगावरच्या त्या खोट्या चुकीसकट गेले.

कॉलेजच्या मैदानावर मी उकिडवी बसले त्याच्या पुढच्याच रविवारी आईला नांदेडहून लातूरला सोडायला निघाले होते. ती डोळे दाखवायला आली होती. चाकूर आल्यावर म्हणाली, "भावाकडं थांबू, हुरडा चालू असंल." थांबलो. मामा आता वाकला आहे, पण बांधावर बसून घाटे सोलायचं सोडलेलं नाही. त्याची नवी सून गरम हुरडा तळहातावर चोळून देत होती. शेणीच्या विस्तवाचा धूर, तिळाची चटणी, आणि लांब करडईचा पिवळा पट्टा. आईने सुनेला विचारलं, "तुला ठाऊक हाय का, ह्याच माळावर…" आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. ती सगळं सांगत गेली, न चुकता, चष्म्यापर्यंत, 'म्हणे, हाय' पर्यंत. सून खळखळून हसली. या खेपेला चष्मा पुसायला कुणी नव्हतं.

गेलेल्या माणसावर सुद्धा हसतात, आणि माझ्यामुळे.

आम्ही दोघी माळावर पाय मोकळे करायला गेलो. तुराट्यांचा ढीग आता तिथे नसतो, मामाने बोअर घेतलं आहे. आई वाकून हरभऱ्याची डहाळी खुडत होती. मी तिच्या पाठीकडे बघून म्हणाले, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं, "आई, अण्णा 'हाय' नव्हते म्हणाले."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"न्हाय म्हणले ते. चांगलं खणखणीत म्हणले. मी मधी होते की, तुझ्यापरीस मलाच जवळून ऐकू आलं. म्हणून तर मी निवांत चालून राहिले. न्हाय म्हणल्यावर कोन सोडतंय?"

मी बोअरच्या सिमेंटच्या ओट्यावर बसले. रागही आला, खोटं का बोलू? भीतीने माणूस आधी रागावतो. "मग इतकी वर्षं सगळ्यांसमोर अण्णांना कशाला बोललीस? आत्तासुद्धा?"

ती सरळ उभी राहिली. कमरेवर हात ठेवला.

"त्यांना कुठं बोलले मी? मी तुझ्याकडं बघून सांगायचे. दरवेळी. वाटायचं, आता तरी ही पोरगी मधी तोंड घालंल, म्हणंल, थांब आई, तसं न्हाई. तेबी तुझ्याकडंच बघत बसायचे. ह्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला तर मी मुद्दामच काढलं. दिसतच होतं की त्यांचं काही खरं न्हाई. पाहुणे सुद्धा नव्हते, आपुन तिघंच. 'म्हणे, हाय' पर्यंत आले, आन तू उठलीस."

"मी कुठं गेले?"

"चहा टाकायला."

मला आठवलं. गॅस पेटत नव्हता, काडी दोनदा विझली. मी आत उभी राहून दूध उतू जाईपर्यंत पातेल्याकडे बघत होते. मी तीन कप भरून आणले, अण्णांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, चांगला झालाय.